राजकीय सिनेमा पाहून मत बदलतं का? तिकीटबारीच्या आतून दिसलेलं

शेवटचा_खेळ

आमच्या तालुक्याच्या गावी आजोबांनी सुरू केलेलं थिएटर २०२० च्या टाळेबंदीत बंद झालं, ते पुन्हा उघडलं नाही. बारावीपासून मी सुट्टीत तिकीटबारीवर बसायचो, पुढे दहा वर्षं रोजचा हिशेब माझ्याकडे होता. त्यामुळे 'अमुक सिनेमाने निवडणूक फिरवली' अशी चर्चा टीव्हीवर सुरू झाली की मला आमचा हॉल आठवतो आणि ती चर्चा अर्धवट वाटते.

एका निवडणुकीच्या तीनेक महिने आधीची गोष्ट. पक्ष आणि सिनेमा, दोन्हींची नावं लिहीत नाही. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या माणसाने सलग चार दिवसांचे दुपारचे खेळ घेतले. पैसे रोख आणि आगाऊ. गावोगावहून टेम्पो भरून माणसं आली. हिशेबाच्या कागदावर चारही दिवस हाउसफुल्ल. प्रत्यक्षात मध्यंतरानंतर निम्मा हॉल रिकामा झाला, कारण बायकांना शेवटच्या एसटीच्या आत बाजार उरकायचा होता. त्या दिवसाचं त्यांना अप्रूप होतं ते फुकट तालुक्याला येण्याचं. सिनेमात काय होतं हे त्यातल्या कित्येकींना सांगता आलं नसतं.

पण पुढच्या चार रांगांमधलं कुणी हललं नाही. ती कार्यकर्त्यांची पोरं होती. शेवटच्या प्रसंगाला उभी राहिली, घोषणा दिल्या. बाहेर आल्यावर पंधरा-वीस मोटारसायकली एकदम सुरू झाल्या. पक्ष कार्यालयात महिनाभर गुंडाळून पडलेले फलक त्याच रात्री बाजारपेठेत लागले. मी दुकानं बंद होताना पाहिलं, पोरं शिडीवर होती.

तेव्हापासून माझं मत असं आहे की राजकीय सिनेमाने मतदार हलतो की नाही ते ठाऊक नाही, कार्यकर्ता मात्र नक्की हलतो. आणि निवडणूक शेवटी कार्यकर्ताच लढवतो. मतदाराला घरातून बूथपर्यंत आणणारा तोच.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं. 'पीएम नरेंद्र मोदी' हा चित्रपट ११ एप्रिल २०१९ ला, मतदानाच्या पहिल्या टप्प्याच्या दिवशीच येणार होता. १० एप्रिलला निवडणूक आयोगाने तो थांबवला. अखेर तो २४ मे ला लागला, निकालाच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे देशाने तो सिनेमा न पाहताच भाजपला ३०३ जागा दिल्या. ज्या चित्रपटावरून एवढी कोर्टकचेरी झाली त्याचा निकालाशी काही संबंधच आला नाही.

वडील अजून एक सांगतात. फेब्रुवारी १९७७. जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले आणि दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची सभा ठरली. लोक घरी बसावेत म्हणून दूरदर्शनने त्या रविवारी 'बॉबी' दाखवला. तरी मैदान भरलं. वडील तेव्हा विशीतले. त्यांच्या मते थिएटरवाल्याने यातून शिकायचं ते एवढंच की माणसाच्या मनात आधीच काही पेटलेलं असेल, तर पडद्यावर काहीही लावा, तो घरी थांबत नाही.

तुमच्या भागातले अनुभव लिहा. कुठल्या पक्षाची बाजू घेऊन नको, डोळ्यांनी पाहिलेलं हवं.

वैजयंती_ठाणे

दादा, धागा आवडला. मी टेंभी नाक्याजवळ वाढले. शिवसेनेचे ठाण्याचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे लोकांना भेटायचे त्या आनंदाश्रमाबाहेरची रांग माझ्या शाळेच्या वाटेवर असायची. कुणाला शाळाप्रवेश हवा, कुणाच्या चाळीत पाणी नाही, कुणाचा नवरा मारतो. दिघेसाहेब २६ ऑगस्ट २००१ ला गेले तेव्हा मी कॉलेजात होते. त्या दिवशीचं ठाणे आठवलं की अजून घशाशी येतं.

माझा भाचा २००३ चा. त्याने साहेबांना पाहिलेलं नाही. त्याच्यासाठी 'धर्मवीर' मधले प्रसाद ओक म्हणजेच आनंद दिघे. मी त्याला सांगते, अरे ते असं बोलायचे नाहीत, तर तो म्हणतो, मावशी, सिनेमात तर असंच आहे. पहिला भाग १३ मे २०२२ ला आला. जूनच्या २० तारखेला विधान परिषदेचं मतदान झालं आणि त्याच रात्री शिवसेनेतली फूट सुरू झाली. ३० जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री. दुसरा भाग २७ सप्टेंबर २०२४ ला, आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान.

आता हे बघा. कोपरी-पाचपाखाडीत शिंदेंच्या विरोधात उभे होते केदार दिघे, साहेबांचे सख्खे पुतणे. ते १ लाख २० हजारांहून जास्त मतांनी हरले. त्याआधी लोकसभेला ठाण्यात राजन विचारे हरले, तेही साहेबांच्याच तालमीतले. रक्ताचं नातं आणि जुनी संगत, दोन्ही एका बाजूला राहिली. पडद्याने ज्याला शिष्य म्हणून दाखवलं, त्याच्याकडे वारसा गेला.

रानवारा

वैजयंतीताई, थोडं थांबा. शिंदे २०१९ मध्येही तिथून मोठ्या फरकाने निवडून आले होते, तेव्हा सिनेमा नव्हता. आणि २०२४ च्या विधानसभेचं बोलायचं तर लाडकी बहीण विसरून कसं चालेल? लोकसभेला महायुतीला राज्यात ४८ पैकी १७ जागा. पाच महिन्यांत विधानसभेला २८८ पैकी २३०. मधल्या काळात सिनेमा एक आला, पण बायकांच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपयेही आले. त्यात सोयाबीनचा भाव, आरक्षणाचा प्रश्न, घोषणा, बंडखोर असं कितीतरी. यातून सिनेमाचा वाटा वेगळा काढायचा कसा?

मला हा सगळा विचारच जरा मतदाराला कमी लेखणारा वाटतो. तीन तास अंधारात बसून आमची बाई-माणसं मत ठरवतात, असं ते मांडणं आहे.

वैजयंती_ठाणे

रानवारा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि मी ते मानते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी दोन्हींतला एकही भाग पाहिलेला नाही. त्यांनी मत कशामुळे दिलं ते त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, आणि ते कारण बँकेच्या पासबुकात होतं. मी मतमोजणीचं बोलत नाहीये. फुटीनंतर ठाण्यात 'खरा कोण' हा वाद ज्या शब्दांत झाला ते शब्द, ते फोटो, ती गाणी सिनेमाची होती. रिक्षाच्या मागच्या काचेवर साहेबांचा खरा फोटो असायचा. आता कित्येक ठिकाणी चित्रपटाचं पोस्टर आहे. मला त्याचं वाईट वाटतं.

भाग्यनगरचा_मराठी

हैदराबादला चौदा वर्षं झाली. तुमच्या प्रश्नाला आंध्रने जवळजवळ प्रयोगशाळेत करावा तसा प्रयोग करून उत्तर दिलं आहे.

२०१९ च्या सुरुवातीला इथे दोन्ही बाजूंचे सिनेमे आले. तेलुगू देसमचे संस्थापक एनटीआर यांच्या आयुष्यावर दोन भाग, मुलगा बालकृष्ण स्वतः वडिलांच्या भूमिकेत. पहिला ९ जानेवारीला, दुसरा २२ फेब्रुवारीला. मधे ८ फेब्रुवारीला 'यात्रा', काँग्रेसचे दिवंगत मुख्यमंत्री वायएसआर यांच्या पदयात्रेवरचा, मामूटी नायक. एनटीआरचे दोन्ही भाग पडले. मी दुसरा भाग पहिल्या रविवारी पाहिला तेव्हा आमच्या रांगेत आम्ही तिघंच होतो. 'यात्रा' बरा चालला. मे मध्ये वायएसआर काँग्रेसला १७५ पैकी १५१ जागा, तेलुगू देसमला २३. सगळे म्हणाले, पाहा सिनेमाची ताकद.

मग २०२४. तोच दिग्दर्शक, तीच ८ फेब्रुवारी तारीख, 'यात्रा २'. या वेळी वायएसआर यांचा मुलगा आणि वायएसआर काँग्रेसचे प्रमुख जगन यांच्यावर. निकाल काय? ११ जागा. दीडशेवरून अकरावर.

दोन्ही वेळा नीट पाहिलं तर निवडणूक रस्त्यावर आणि तुरुंगाच्या दारात ठरली होती. २०१९ आधी जगन स्वतः चौदा महिने चालत होते, ३,६०० किलोमीटरच्या वर. त्यांची पदयात्रा इच्छापुरमला ९ जानेवारी २०१९ ला संपली, म्हणजे एनटीआरचा पहिला भाग लागला त्याच दिवशी. एकीकडे पडद्यावरचा नेता, दुसरीकडे पायाला फोड आलेला. आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तेलुगू देसमच्या चंद्राबाबूंना अटक झाली, राजमहेंद्रीच्या तुरुंगाबाहेर उभं राहून जनसेना पक्षाचे प्रमुख, अभिनेते पवन कल्याण यांनी त्यांच्याशी युती जाहीर केली. ते दृश्य कुठल्याही चित्रपटापेक्षा जास्त वेळा मोबाइलवर फिरलं.

पवन कल्याण यांचंच पाहा. २०१९ ला दोन मतदारसंघांत उभे राहिले, दोन्हीकडे हरले. चाहते तेवढेच होते. २०२४ ला त्यांच्या पक्षाने २१ जागा लढवल्या आणि २१ जिंकल्या. आमच्या ऑफिसातले त्यांचे भक्त सांगतात, पहिल्या वेळी आम्ही शिट्ट्या मारल्या, दुसऱ्या वेळी बूथवर बसलो.

शेवटचा_खेळ

'शिट्ट्या मारल्या' आणि 'बूथवर बसलो' यांतला फरक हेच मला म्हणायचं होतं, पण एवढं नेमकं सुचलं नाही.

कलापथक

माझे आजोबा संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी कलापथकात डफ वाजवायचे. त्यांच्याकडून ऐकलेलं लिहितो.

अण्णाभाऊंचं 'माझी मैना गावावर राहिली' आज आपण सभागृहात बसून ऐकतो. तेव्हा ते गिरणगावात चाळीच्या चौकात, पाळी सुटल्यावर, कंदिलाच्या उजेडात व्हायचं. मुंबईत राबणारा आणि बायको गावाला ठेवून आलेला कामगार समोर असायचा. गाण्यात विरहाचं दुःख त्याचं स्वतःचं, आणि त्याच दुःखातून गाणं सीमाभागाच्या तुटलेपणावर यायचं. अमर शेख गाऊ लागले की माणसं रडायची आणि रडता रडता वर्गणी द्यायची. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जो तडाखा दिला त्यात या गाण्यांचा वाटा नव्हता असं माझ्या आजोबांसमोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

पण आजोबा एक जोडायचे. गाण्याने माणूस बाजू बदलत नाही. बाजू त्याची आधीच असते, फक्त ती त्याला बोलून दाखवता येत नसते. शाहीर ती बोलून दाखवतो. फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला नसता तर गाणी नुसती गाणीच राहिली असती.

त्याही आधी १९०७ चं 'कीचकवध' नाटक. खाडिलकरांनी कीचक रंगवला आणि प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला. सरकारला कळायला तीन वर्षं लागली, मग १९१० ला बंदी. तेव्हा मतदान नव्हतं, पण पडद्यामागून राजकारण बोलण्याची आपली सवय किती जुनी आहे ते यावरून दिसतं. अवांतर झालं असेल तर क्षमस्व.

नारायणगावची_बाई

अवांतर अजिबात नाही, दादा.

मी जुन्नर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. निवडणुकीची ड्यूटी चार वेळा केली. शिरूर लोकसभेबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे सिनेमा नव्हता, मालिका होती, आणि मालिका घरात येते.

डॉ. अमोल कोल्हे नारायणगावचे. २०१७ च्या सप्टेंबरपासून ते 'स्वराज्यरक्षक संभाजी' मध्ये छत्रपती संभाजी महाराज साकारत होते. २०१९ ला राष्ट्रवादीने त्यांना शिरूरमधून उभं केलं. समोर आढळराव पाटील, तीन वेळचे खासदार. निवडणूक चालू असताना मालिकाही चालू. आणि मतदारसंघ कोणता, तर ज्यात महाराजांची समाधी असलेलं वढू बुद्रुक येतं. कोल्हे ५८ हजारांच्या वर मतांनी जिंकले.

प्रचाराला ते गावात आले तेव्हा एका आजींनी त्यांना ओवाळलं आणि पाया पडायला वाकल्या. ते घाईने मागे सरले, आजींचे हात धरले. मी दहा फुटांवर होते. आजींनी कुणाला ओवाळलं, उमेदवाराला की महाराजांना, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

२०२४ ला मालिका बंद होऊन चार वर्षं झाली होती. पक्ष फुटला होता, आढळराव आता अजित पवारांच्या बाजूने पुन्हा समोर. कोल्हे या वेळी १ लाख ४० हजारांनी जिंकले, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त. तेव्हा मालिकेने त्यांना दारात उभं केलं असेल, पण दुसऱ्या वेळी लोकांनी कांद्याचा प्रश्न आणि फुटीचा राग मनात धरून मत दिलं. कांदा निर्यातबंदीच्या वेळी आमच्या शाळेतल्या पोरांच्या घरी काय परिस्थिती होती ते मला माहीत आहे.

रानवारा

बाई, हे पटलं. मी उत्तर मुंबईचा. २००४ ला इथे गोविंदाने राम नाईकांना हरवलं. २०१९ ला उर्मिला मातोंडकर साडेचार लाखांहून जास्त मतांनी हरल्या. मतदारसंघ तोच, दोघंही घराघरात माहीत असलेले. चेहऱ्यानेच मत मिळालं असतं तर असं झालं नसतं.

पण तुमच्या आजींचा प्रसंग वाचून मी माझं वरचं एक वाक्य मागे घेतो. यात मतदाराला कमी लेखण्यासारखं काही नाही. ज्याच्यावर श्रद्धा आहे त्याचा चेहरा समोर आल्यावर कुणाचाही हात जोडला जाईल.

वकील_मृण्मयी

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण इथे बरेच गैरसमज असतात.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत निवडणुकीवर परिणाम करणारा मजकूर सिनेमा किंवा टीव्हीवरून दाखवायला बंदी आहे. बंदी एवढ्याच काळापुरती. त्याआधीचे आठवडे आचारसंहिता आणि आयोगाचे आदेश यांवर चालतात. १० एप्रिल २०१९ चा आदेश फक्त एका चित्रपटापुरता नव्हता. एखाद्या उमेदवाराचं किंवा पक्षाचं भलं करू शकेल असा चरित्रपट आचारसंहितेच्या काळात दाखवू नये, असं त्यात होतं. दहा दिवसांनी पंतप्रधानांवरच्या वेबमालिकेचं प्रसारणही आयोगाने थांबवलं.

माझ्या मते धोका चरित्रपटात नाहीच. चरित्रपट पाहताना प्रेक्षकाला माहीत असतं की आपण कोणाचा प्रचार पाहतोय, तो सावध असतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये दोन हिंदी मालिकांतल्या पात्रांच्या तोंडी सरकारी योजनांची स्तुती आली, काँग्रेसने तक्रार केली आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी नोटिसा काढल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा तशीच तक्रार, या वेळी मराठी मालिकांमध्ये प्रसंगाच्या मागे शिंदेंच्या पक्षाचे फलक दिसतात म्हणून. सासू-सुनेचं भांडण चालू आहे आणि मागे भिंतीवर पक्षाचं चिन्ह आहे, हे पाहताना कोण सावध असतं?

जाहिरात असेल तर ती आधी प्रमाणित करून घ्यावी लागते आणि खर्च हिशेबात दाखवावा लागतो. कथेतला प्रसंग कागदोपत्री जाहिरात नसतो. कोणी कोणाला पैसे दिले हे सिद्ध होईपर्यंत शाईही पुसली गेलेली असते. कायदा दुरुस्त करायचा असेल तर इथे करा, असं मी प्रत्येक व्यासपीठावर सांगते.

मिलानहून_मीरा

मृण्मयीताईंच्या मुद्द्याला जोड. इटलीत बर्लुस्कोनी १९९४ ला राजकारणात आले आणि दोन-तीन महिन्यांत निवडणूक जिंकले. त्यांच्या खासगी वाहिन्या त्याआधी दहा-बारा वर्षं चालू होत्या. अर्थतज्ज्ञांनी एक साधी गोष्ट तपासली: डोंगर-दऱ्यांमुळे काही गावांत त्या वाहिन्या १९८५ च्या आधी दिसायला लागल्या, काही गावांत नंतर. ज्या गावांत आधी दिसल्या तिथे त्यांच्या पक्षाला साधारण एक टक्का मतं जास्त मिळाली, आणि फरक पुढच्या काही निवडणुकांतही टिकला.

चकित करणारी गोष्ट अशी की त्या सुरुवातीच्या काळात वाहिन्यांवर राजकारण जवळजवळ नव्हतंच. सिनेमे, गाणी, नाचाचे आणि बक्षिसांचे कार्यक्रम. माझ्या शेजारच्या आजी अजून त्या कार्यक्रमांची नावं घेतात. प्रचार नसलेल्या करमणुकीने दहा वर्षांत भाषा बदलली आणि मग त्याच भाषेत बोलणारा नेता आला. एक टक्का कमी वाटेल, पण चुरशीच्या लढतीत तेवढा पुरतो.

शेवटचा_खेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. या आठवड्यात मी गावी गेलो होतो, म्हणून उशिरा लिहितोय.

थिएटरच्या माळ्यावर वह्यांची ट्रंक अजून आहे. त्या चार दिवसांच्या खेळांची वही सापडली. डोअरकीपर काकांनी समासात कोणत्या दिवशी कोणत्या गावचे टेम्पो आले ते पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, कारण टेम्पो लावायच्या जागेवरून भांडणं व्हायची. मी ती गावं कागदावर उतरवली आणि फॉर्म २० काढून बसलो, म्हणजे निकालानंतर बूथनिहाय मतं जाहीर होतात तो तक्ता. त्या निवडणुकीचा एक, आणि त्याआधीच्या निवडणुकीचा एक.

ज्या गावांतून टेम्पो आले होते, ती जवळजवळ सगळी आधीपासूनच त्या पक्षाची गावं निघाली. आधीच्या खेपेला आघाडी, या खेपेलाही आघाडी. फरक फारसा नाही. ज्या गावांत पक्षाचं कुणी नव्हतं तिथे टेम्पो गेलाच नव्हता. पुढाऱ्याने पैसे ओतून सिनेमा दाखवला तो ज्यांचं मत पक्कं होतं त्यांनाच. हे मी दहा वर्षं हिशेब लिहूनही पाहिलं नव्हतं.

एक गाव मात्र वेगळं निघालं. नाव लिहीत नाही. तिथून एकच टेम्पो आला होता, सगळ्या बायकांचा. आधीच्या निवडणुकीत ते गाव विरोधात होतं, या वेळी पक्षाच्या बाजूने गेलं. मला वाटलं, हे बघा, मिळाला पुरावा. काकांना फोन केला. ते ऐंशीचे आहेत, आठवण पक्की. म्हणाले, "अरे, त्या वर्षी त्या गावात पाण्याची टाकी झाली की. टेम्पो आला तो टाकीच्या ठेकेदाराचा."

नारायणगावची_बाई

फॉर्म २० तुम्ही कुठून मिळवलात? आमच्या तालुक्यातल्या गावांसाठी मला असंच करून पाहायचंय. मालिकेच्या वेळेला कुठल्या वाडीत वीज असायची आणि कुठल्या वाडीत भारनियमन, ते मला पाठ आहे.

शेवटचा_खेळ

बाई, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. निवडणूक आणि मतदारसंघाचा क्रमांक लागेल. बूथ क्रमांक आणि गावाचं नाव जुळवताना मतदार यादी शेजारी ठेवा, नाहीतर माझ्यासारखे दोन दिवस जातील. वीज कधी असायची ते मात्र आत्ताच कागदावर उतरवा. काकांची पेन्सिल नसती तर माझ्याकडे काहीच नव्हतं.